बाबांसाठी निवडलेले डबे

१९५७ साल. मी तेहतीस वर्षांचा होतो आणि त्या वर्षी माझ्या बापाने खाणं सोडलं. उपास नव्हे. उपास त्यांनी जन्मात केला नाही, आई असताना तिच्या धाकानेसुद्धा नाही. एका सकाळी नळावर बादली भरता भरता उजव्या अंगावरून वारं गेलं, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. पहिले काही दिवस बायकोने भरवलेली पेज ते गिळत होते. मग एक दिवस त्यांनी दात आवळले ते आवळलेच.

आम्ही घाटकोपरला डोंगराच्या अंगाला बैठ्या चाळीत राहत होतो. एक खोली आणि मागे पडवी. बाबांची खाट मी दाराशी ओढली होती, म्हणजे येणारं-जाणारं माणूस दिसेल. ते माणसांकडे पाठ करून भिंतीकडे बघत पडायचे.

नाक्यावरचे डॉक्टर येऊन गेले. घसा बघितला, पोट दाबलं. म्हणाले, "गिळता येतंय त्यांना. मन उठलंय. मन रमेल असं काहीतरी करा. नाहीतर मी कितीही सुया टोचल्या तरी उपयोग नाही, अन्नावाचून माणूस किती दिवस काढणार?"

हे सांगून डॉक्टर मोकळे झाले. मी सुतार माणूस. मला कुणी म्हणावं दार बसव, मी दार बसवीन. बापाचं मन कुठल्या बिजागरीवर फिरतं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. बाबांनी उभा जन्म रेल्वेच्या यार्डात काढला. मालगाडीचे डबे जोडायचं काम, एवढं मी ऐकून होतो. मी लहानपणी त्यांचा जेवणाचा डबा घेऊन यार्डाच्या कुंपणापर्यंत जायचो, तो तारेवरून आत द्यायचो आणि परत यायचो. आत ते काय करतात हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्यात तशी रीतच नव्हती. बाप कामाला जातो, पगार आणतो, एवढं कळलं की पुरे.

मी तेव्हा साकीनाक्याला एका शेडमध्ये लाकडी खोकी बनवायचो. अंधेरीचं एक बिऱ्हाड दिल्लीला मुलाकडे चाललं होतं, त्यांचं सामान बांधायला मालकाने मला धाडलं. जुना बंगला, पुढे बकुळीचं झाड. साहेब कुठल्यातरी मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले. भांडी झाली, पुस्तकं झाली, मग त्यांनी मला मागच्या खोलीत नेलं. तिथे खोलीभर मोठं टेबल आणि त्यावर आगगाडी. रूळ, बोगदा, सिग्नल, स्टेशनात बाकावर बसलेली बोटाएवढी माणसं. चावीचं इंजिन. सगळं विलायतेहून आणलेलं. भिंतीवरच्या फळ्यांवर डबेच डबे मांडलेले.

साहेबांनी चावी दिली. गाडी एक फेरा मारून माझ्यासमोर येऊन थांबली. मला वाटलं, सापडलं.

मी म्हणालो, "साहेब, यातले थोडे डबे मला द्याल का? इंजिन एक, थोडे रूळ."

"मुलासाठी हवेत?"

"बापासाठी."

त्यांनी चावी खाली ठेवली. थट्टा वाटली असणार. मग मी काय झालं ते सांगितलं. ते लगेच म्हणाले, "घेऊन जा, मिस्त्री. मुलगा तिकडे बंगल्यात राहत नाही, दोन खोल्या आहेत. हे सगळं मांडणार कुठे?"

"फुकट नको. माझी मजुरी कापा."

"मजुरी मी तुमच्या मालकाला देतोय. तुमची कशी कापू?"

"मग स्वयंपाकघरातली फडताळं मी सुटी करून बांधून देतो. ती आमच्या बोलीत नव्हती."

साहेबांच्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घ्या करून. हा माणूस ऐकायचा नाही. आणि मला फडताळं हवीच आहेत."

फडताळं बांधून झाली आणि मी त्या फळ्यांसमोर उभा राहिलो. साहेबांनी एक छोटं खोकं पुढे ठेवलं. त्यात मावतील तेवढे डबे माझे; इंजिन आणि रूळ त्यांनी वेगळे बांधून दिले.

उभं राहणं सोपं होतं, निवडणं काही जमेना. प्रवासी डबे होते, तांबडे, खिडक्यांवर पडदे रंगवलेले. एका डब्यात टेबलं मांडलेली आणि टेबलावर दिवे. मालाच्या वाघिणी होत्या, उघड्या, बंद, कोळशाच्या. तेलाची टाकी होती. गुरांचा डबा होता, त्याच्या फटींतून रंगवलेली गाय बघत होती. शेवटाला लावायचा गार्डाचा डबा होता. मी एक उचलायचो, परत ठेवायचो. सुतारकामात असं होत नाही. फळीवर नजर टाकली की कळतं कुठली दाराला आणि कुठली खोक्याला.

बाईंनी विचारलं, "वडलांना कुठले आवडतील?"

कान गरम झाले. सख्ख्या बापाबद्दल परक्या बाईने विचारावं आणि मला ठाऊक नसावं. शेवटी म्हणालो, "ते यार्डात होते. सगळेच आवडतात त्यांना."

साहेब म्हणाले, "एक करा. मालगाडी घ्या, नाहीतर पॅसेंजर घ्या. मिसळ करू नका. कोळशाच्या वाघिणीला लागून पहिल्या वर्गाचा डबा कुठे बघितलात तुम्ही?"

मला तो सल्ला पटला नाही. मी मनात म्हटलं, बापाने जन्मभर कोळसा आणि सिमेंट ओढलं, आता मरणाच्या दारात तरी पडद्याचा डबा बघू दे. मी तांबडे लांब डबे आधी उचलले. टेबलांचा एक, पडद्याचे दोन.

"हे तुमच्या वळणावर बसणार नाहीत," साहेब म्हणाले. "लांब आहेत. त्यांना मोठा फेरा लागतो. तुम्ही गोल केवढा करणार आहात?"

"बसवतो."

"मिस्त्री, बसणार नाहीत."

"तुम्ही फक्त द्या, साहेब. बसवायचं काम माझं."

वर मग कोळशाची वाघीण टाकली, एक बंद, एक टाकी, आणि गुरांचा डबा. तो का घेतला म्हणाल तर त्या गायीने माझ्याकडे बघितलं म्हणून. गार्डाचा डबा शेवटी कोपऱ्यात कसाबसा बसला. खोकं डोक्यावर घेऊन साकीनाक्यावरून असल्फ्याच्या चढाने चालत घरी आलो. बस होती, पण कंडक्टरने खोकं कुठे ठेवायला लावलं असतं कोण जाणे.

बायको म्हणाली, "हे काय आणलंत?"

"बाबांना."

"मामंजी पेज घेत नाहीत आणि तुम्ही खेळणी आणता. खेळणं चाटून पोट भरतं का?"

"तू बघ फक्त."

साहेबांचं खरं होतं. लांब डबे वळणावर अडायचे आणि आडवे व्हायचे. मी हटलो नाही. रूळ मांडायला फळ्या जोडून पाट केला, तो एवढा मोठा की चूल आणि खाट यांच्यामध्ये बायकोला अंग चोरून जावं लागे. फेरा मोठा झाला, डबे वळले. पाट खाटेच्या उंचीला ठोकळ्यांवर बसवला, बाबांच्या डाव्या हाताला लागेल असा. रूळ खिळे मारून पक्के केले. इंजिन, मग पडद्याचे डबे, मग माल, शेवटी गार्ड. चावी दिली.

बाबा भिंतीकडे तोंड करून होते. चाकांचा आवाज झाला आणि मान वळली.

इतक्या दिवसांत त्यांनी स्वतःहून मान वळवलेली नव्हती. गाडी फिरत होती आणि त्यांचे डोळे तिच्याबरोबर फिरत होते. चावी संपली, गाडी त्यांच्यासमोर थांबली. त्यांनी डावा हात उचलला आणि इंजिनाच्या मागच्या डब्याला लावला. मी बायकोला खूण केली. तिने पेजेची वाटी आणली, चमचा ओठांना लावला. दात उघडले. अर्धी वाटी पेज गेली. ती पदराने त्यांची हनुवटी पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. मीपण तिच्याकडे बघितलं नाही. नजरानजर झाली असती तर दोघांनाही रडू आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर पडद्याचे दोन्ही डबे पाटाच्या कडेला, रुळावरून खाली.

"पडले का?"

"नाही, त्यांनी ढकलले," बायको म्हणाली. "बोटांनी सोडवले आणि ढकलले."

बरं, मी म्हटलं, पडदे आवडले नसतील. पडद्यांचा थाट काही जणांना नको असतो. मी ते डबे उचलून फडताळावर ठेवले आणि टेबलांचा डबा पुढे लावला. चावी दिली. गाडी फिरली, थांबली, बाबांचा हात आला. टेबलांचा डबा सुटला, ढकलला गेला. मी तोही उचलला. मग कोळशाची वाघीण. तीही ढकलली. फळ्यांसमोर नुसता उभा राहिलो होतो, कळलं नव्हतं, आणि जे उचललं ते सगळं चुकलं. आता दुसरे आणणार कुठून? साहेब दिल्लीला गेले होते, बंगल्याला कुलूप होतं.

मी बाबांच्या तोंडापाशी वाकून विचारलं, "हा नको? मग कुठला हवा? ही टाकी? गाय?"

त्यांनी घशातून एक आवाज काढला. डावा हात पाटावर आपटला. पेज त्या दिवशी दोन चमचे गेली.

बायको म्हणाली, "त्यांचा हात कापतो हो. मुद्दाम नसतील ढकलत. कडी निसटत असेल आणि डबा जात असेल."

ते मला पटलं. हात कापायचाच. मी आमच्या शेडमधून बारीक तार आणली, खोकी बांधतात ती. फडताळावरचे सगळे डबे खाली काढले, पुन्हा रुळावर लावले आणि प्रत्येक आकडा कडीत घालून वरून तार पिळून टाकली. पक्कडीने. टोकं आत वळवली, बाबांच्या बोटाला लागू नयेत म्हणून. आता पूर्ण गाडी एकजीव झाली. काम चांगलं झालं होतं, खोटं कशाला बोलू. कुणी दोन्ही टोकांना धरून उचलली असती तरी सुटली नसती.

बाबांनी हात लावला. बोटं कडीवर गेली. तार लागली. त्यांनी तार चाचपली, एका बाजूने, मग दुसऱ्या. ओढलं, तर सगळी गाडी खसकन पुढे आली आणि इंजिन रुळावरून उतरलं. मी इंजिन परत ठेवलं. त्यांनी परत ओढलं. मी परत ठेवलं. मी म्हणत होतो, "बाबा, आता सुटणार नाही, काळजी करू नका." त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या बापाने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. रागाने नाही, राग मला ओळखता येतो. कुणीतरी आपल्या तोंडावर दार लावलं की माणूस जसा त्या दाराकडे बघतो तसं. मग हात पाटावरून उचलला, छातीवर ठेवला आणि मान भिंतीकडे वळवली.

त्यानंतर चावी दिली तरी मान वळेना. मी खाटेशी बसून चावी देत राहायचो. गाडी फिरायची, थांबायची, मी परत चावी द्यायचो. बायको पेज घेऊन उभी. दात आवळलेले. एकदा मी चिडून म्हणालो, "बाबा, तुमच्यासाठी एवढं करतोय." बायको म्हणाली, "त्यांना ऐकवून काय उपयोग?" मी पडवीत जाऊन बसलो. हात आहेत, हत्यारं आहेत, कष्ट करायला मी मागे नाही, आणि बाप समोर वाळत चाललाय. काय ठोकावं, काय कापावं, काही कळेना.

एका रविवारी दुपारी बाबांचे यार्डातले जुने सोबती आले. आमच्याच गावाकडचे, आम्ही त्यांना काका म्हणायचो. अंगाने काटकुळे, तोंडात पान. दारातच म्हणाले, "काय रे, बापूस खय? माका बघूक उठत नाय?" मग खाट बघितली. चटई असून खालीच टेकले.

बायकोने चहा ठेवला. काकांची नजर पाटावर गेली. "ह्या काय?"

मी सगळं सांगितलं. अंधेरीचा बंगला, निवडलेले डबे, मोठा केलेला फेरा. ते पान चघळत ऐकत होते. मधे म्हणाले, "पडद्याचो डबो हाडलंस? बापसाचो थाट रे." मग मी सांगितलं की बाबांना एकही डबा पसंत पडला नाही, इंजिनापासून सोडवून सगळे बाजूला ढकलले. आणि मी ते तारेने बांधले.

काका हसायला लागले. हसता हसता वाकून तार बघितली, बोट लावलं आणि हसणं थांबलं.

"पसंत नाय म्हणान ढकलल्यान असा वाटला तुका?"

"मग काय?"

"अरे झिला, तो गाडी तोडी होतो."

मला कळलं नाही. ते म्हणाले, "तुका काय वाटला, आमी यार्डात गाडी जोडून बसतो? गाडी भायरसून येता. कोळसो, सिमेट, तेल, समदा एकात एक. ती तोडूची. एकेक डबो सुटो करूचो आणि ढकलून ज्याच्या त्याच्या रुळावर सोडूचो. ह्यो नागपूरचो, ह्यो मद्रासचो, ह्यो धक्क्यावरचो. ता झाला की मगे दुसरी गाडी लावूची. तुझ्या बापसान उभ्या जन्मात अख्खी गाडी घेऊन खय प्रवास करूक नाय. आली की तोडली, आली की तोडली. त्येच्यात त्येचो हात बघूक होयो होतो तू. डबो सोडी आणि डबो बरोबर वाटेक लागा, मागे बघूचा कामच नाय."

मी म्हणालो, "पण इथे दुसरा रूळच नाही. गोल आहे नुसता."

"म्हणानच भायर ढकली होतो. आणि तू ते उचलून ठेयलंस." त्यांनी रुळाच्या फेऱ्यावरून बोट फिरवलं. "गोल गाडी. गोल गाडीचा यार्डवाल्यान काय करूचा रे? ती खय जातच नाय."

कुणीही माझ्यासारखंच समजला असता, हे मी आजही म्हणतो. डबा ढकलला म्हणजे नको, असंच जगात समजतात. पण त्यांनी सोडवलेला प्रत्येक डबा मी उचलून फडताळावर ठेवला होता, आणि मग तार पिळली होती, पक्कडीने, टोकं आत वळवून.

काका खाटेशी गेले. बाबांच्या खांद्याला हात लावून मोठ्याने म्हणाले, "ऊठ रे, गाडी इली. मुकादम बोंब मारता." यार्डात बोलायचे तसंच असणार ते. बाबांची मान हलली नाही. काकांनी परत म्हटलं. पापणी हलली की नाही हे मी अगदी जवळून बघत होतो. मला वाटलं हलली. बायको म्हणाली नाही हलली.

काका चहा न पिताच निघाले. दारात मला म्हणाले, "माका अगोदर बोलवूचा होता." मी म्हणालो, "तुम्ही याल असं वाटलं नाही." ते म्हणाले, "नाय, आमी पण येवक नाय, ता खरा." आणि चाळीच्या पायऱ्या उतरून गेले. संध्याकाळी बायकोने पेज केली, ती तशीच उरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडला गेलो नाही. निरोपही धाडला नाही. पक्कड घेतली आणि बाबांच्या समोर बसून एकेका कडीवरची तार कापली. मग खिळे उपटले आणि गोल फेरा उखडून टाकला. जे सरळ रूळ निघाले ते खाटेला समांतर लावले. वाकडे रूळ तोडून, हातोडीने जमतील तेवढे सरळ करून, बाजूबाजूला आणखी वाटा केल्या. रूळ बदलायचे सांधे मला जमले नाहीत, वाटा एकमेकींना नीट मिळत नव्हत्या, मधे बोटभर फट राहिली. डबे मी निवडले नाहीत. हाताला जो आला तो लावला, गुरांच्या डब्यामागे पडद्याचा, मग टाकी, मग कोळसा, टेबलांचा डबा कुठेतरी मधे. कड्या नुसत्या अडकवल्या. बायको चुलीपाशी पेज गार करत होती. मी बाबांचा डावा हात छातीवरून उचलून पहिल्या डब्याशी ठेवला. तो वाळून अगदी हलका झाला होता. मग मी पाटापासून मागे सरकलो, जमिनीवर बसलो आणि मधे काही करायचा मोह होऊ नये म्हणून माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.